उंबर अल्याड की पल्याड

समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानाला भेट का द्यावी, याची कारणं आमच्या घरात पाठ आहेत. ती आधी माझ्या नवऱ्याच्या मोबाईलवर आली. त्यानं ती मला पाठवली, मी उघडली नाहीत म्हणून जेवताना वाचून दाखवली, आणि मी ताटावरून उठले नाही म्हणजे मला ती पटली असं धरून तारीखही ठरवली. कारणं भारीच होती. मन प्रसन्न होतं. कुटुंबासोबत दर्जेदार वेळ जातो. जैवविविधतेचं दर्शन घडतं. माणूस निसर्गाशी एकरूप होतो. हे शेवटचं ऐकून मी त्याच्याकडे जरा नीट पाहिलं. मलकापुरात त्याचं फरशीचं दुकान आहे आणि गेली कित्येक वर्षं तो लोकांची अंगणं सिमेंटच्या ब्लॉकनी बुजवत आलाय. आमच्या स्वतःच्या अंगणात एक तुळस तेवढी वाचली, तीही देवाची म्हणून. निसर्गाशी एकरूप व्हायला त्याला समुद्रापर्यंत जावं लागणार होतं, कारण त्याच्या अलीकडे निसर्ग असा त्यानं कुठं ठेवलाच नव्हता.

आमच्यासारख्यांना फिरायला जवळपास काही नाही असं नाही. पाचगणी, महाबळेश्वर जवळ आहे, आणि म्हणूनच आम्ही तिथं जात नाही. तिथं जायचं ते पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की. त्यांना एकेक पॉइंट दाखवायचा, धुक्यात दरी दिसली नाही की त्यांनी आपल्याकडे बघायचं, मग त्यांना स्ट्रॉबेरी आणि क्रीम खाऊ घालायचं आणि आपण गाडीपाशी उभं राहून कणीस खायचं. समुद्राचं तसं नसतं. समुद्रावर जाऊन आलेला माणूस मलकापुरात आठवडाभर चपलेतली वाळू झटकत फिरतो आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो. शेजारच्या रंगाच्या दुकानवाल्यानं दिवाळीत तेच केलं होतं. सहलीचं खरं कारण ते होतं, फक्त ते मोबाईलवर आलं नव्हतं.

माझं औषधांचं दुकान आहे. समुद्रावर निघालेले लोक आधी माझ्याकडे येऊन घाटाच्या उलटीच्या गोळ्या घेतात, आणि परत आल्यावर जुलाबाच्या. त्यामुळे पर्यटन आरोग्याला हितकारक असतं या कारणावर माझा विश्वास आहे. माझ्या आरोग्याला तरी ते हितकारक ठरलंय.

आता नवऱ्याला उद्यान म्हणजे काय वाटत होतं, तेही सांगायला हवं. आमच्याकडे उद्यान म्हटलं की नगरपालिकेचं. आत हिरवळ असते आणि हिरवळीवर बसू नये अशी पाटी असते. मध्ये एक कारंजं असतं, ते उद्घाटनाच्या दिवशी चालतं. एका बाजूला व्यायामाची यंत्रं असतात, त्यांवर वयस्क बायका गप्पा मारत झुलतात, आणि कोपऱ्यात सिमेंटचं एक हरीण असतं, त्याचं शिंग मोडलेलं असतं. नवऱ्यानं हिशेब केला की हेच उद्यान राष्ट्रीय झालं म्हणजे हरीण मोठं असणार आणि कारंजं चालू असणार, शिवाय कडेला समुद्र. त्यानं गाडीत सतरंजी टाकली, बॅडमिंटनच्या रॅकेट टाकल्या, आणि हिरवळीवर बसल्यावर डास चावतील म्हणून माझ्याच दुकानातून मलमाची ट्यूब नेली. मी त्याला काही बोलले नाही. संसारात काय बोलायचं नाही हे मला हळूहळू का होईना, जमायला लागलंय.

माझ्या माहेरी मात्र उद्यान हा शब्द वेगळ्या अर्थानं चालतो. आमचं गाव वारणेच्या खोऱ्यात, वर सह्याद्रीच्या कुशीत होतं. मी नुकती पहिलीत गेले होते, तेव्हा त्या जंगलाचं राष्ट्रीय उद्यान करायचं ठरलं आणि गाव उठलं. वन्यजीवांना जागा हवी होती, याबद्दल माझी तक्रार नाही. बिबट्या तसाही आमच्या गोठ्यापर्यंत येऊन जायचा, त्याला कुणी कधी परवानगी विचारली नाही. आम्हाला खाली सांगली जिल्ह्याच्या सपाटीवर वसाहत मिळाली. तिथं सगळे रस्ते सरळ, सगळी घरं ओळीत, आणि चहूकडे ऊस. वसाहतीला आमच्याच गावाचं नाव दिलं आणि पुढं ‘नवी’ असं लावलं. नवी म्हणजे काय, तर ओढा नाही, डोंगर नाही, देवी नाही आणि पाटी आहे.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, त्यावर कधी मोर्चा काढला नाही की भाषण केलं नाही. त्यांनी फक्त एक शब्द काढला. आमच्या भागात हरवलेली वस्तू सापडत नाही, गावते. आणि जी काही केल्या गावत नाही ती, आप्पांच्या भाषेत, उद्यानात गेलेली असते. कोयता कुठाय? उद्यानात गेला. लाईट कधी येणार? उद्यानात गेली. हळूहळू अख्खी वसाहत तसं बोलायला लागली. तिथं लग्न होऊन आलेल्या सुनांना वाटायचं, हे लोक किती फिरतात. माझे थोरले चुलते वारले तेव्हा आप्पा दारात उभे होते आणि आलेल्या माणसांना एवढंच सांगत होते, की थोरला उद्यानात गेला. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

दर चैत्रात, देवीच्या जत्रेला, वसाहतीतल्या लोकांना जुन्या गावात एक दिवस जायला मिळतं. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची, तिकीट काढायचं, आत जायचं, देवीला नारळ फोडायचा आणि दिवस मावळायच्या आत बाहेर यायचं. वसाहतीतले बरेचजण जातात. आप्पा आजवर गेले नव्हते. ‘माज्या उंबऱ्यात पाय टाकायला मी तिकीट काढू व्हय?’ एवढं एकच वाक्य ते दर वर्षी बोलायचे आणि उसाला पाणी पाजायला निघून जायचे.

ते जात नाहीत म्हणून आईही जात नव्हती. जायची तिला लय हौस होती. लग्न होऊन ती त्या गावात आली होती, तिची पहिली ओटी त्या देवीपुढं भरली होती, आम्ही भावंडं तिथंच रांगलो. ती दर दिवाळीला आपल्या लुगड्याबरोबर देवीसाठी एक खण घ्यायची, पेटीत ठेवायची, आणि चैत्रात शेजारणीच्या हातात द्यायची. शेजारीण तो वाहून यायची आणि देवी कशी दिसत होती ते सांगायची. आई ऐकून घ्यायची. पण गेल्या वर्षी आईचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरनं फोटो बघून सांगितलं की अजून वर्षभर चालतील तसं चालून घ्या, पुढं डोंगरबिंगर विसरा. मी औषधं विकते, गुडघ्यांचं पुढं काय होतं ते रोज दुकानाच्या काउंटरवर बघते. यंदाचा चैत्र चुकला की आई त्या गावात पुन्हा जाणार नव्हती, हे मला, तिला आणि आप्पांना तिघांनाही माहीत होतं. त्यावर आमच्या घरात जी चर्चा झाली ती अशी, की आप्पा उसाला पाणी पाजायला गेले.

अशा माणसाला नवरा समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानात न्यायला निघाला होता. कुटुंबासोबत दर्जेदार वेळ घालवायचा तर कुटुंब लागतं, म्हणून त्यानं माझ्या आईवडलांना परस्पर आमंत्रण दिलं. मी घाईघाईनं मध्ये पडले आणि त्याला बजावलं, की उद्यान हा शब्द तोंडातून काढायचा नाही, नुसतं समुद्र म्हणायचं. आईनं समुद्र बघितला नव्हता. तिनं बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी धरणाचं. आप्पा तिच्यासाठी तयार झाले. म्हणाले, बघून घेऊ, समुद्र अजून कुणी उठवलेला न्हाई.

पेठ नाक्यावर ते दोघं आमच्या आधी येऊन उभे होते. आईच्या पिशवीत भाकऱ्या, खर्डा, दह्याचा डबा आणि सगळ्यात खाली दिवाळीत घेतलेला देवीचा खण. तिनं तो मला हळूच दाखवला. देवीपर्यंत काही पोचवता येणार नाही असं दिसतंय, तर निदान एवढ्या मोठ्या पाण्याची ओटी भरावी, असं तिच्या मनात होतं. आमच्याकडे कृष्णेची, वारणेची ओटी भरतात. पण समुद्र बाई की गडी, असं तिनं मला विचारलं. मी म्हणाले, तो समुद्र, म्हणजे गडीच. तिनं जरा विचार केला आणि खण पुन्हा भाकऱ्यांच्या खाली ठेवला. गड्याला खण द्यायचा की नाही, ते प्रत्यक्ष बघून ठरवू, म्हणाली.

घाट उतरताना मी सगळ्यांना गोळ्या दिल्या, तरी नवऱ्याला उलटी झाली. तो गाडी चालवत होता, म्हणून निसर्गाशी एकरूप व्हायला गाडी कडेला घ्यावी लागली. आप्पा खाली उतरून कड्याला हात लावून झाडं बघत राहिले आणि आमच्या वरच्या अंगाला हीच झाडं होती, असं स्वतःशीच म्हणाले. मग कुणी काही विचारायच्या आत गाडीत येऊन बसले.

त्या जागेचं नाव मी सांगत नाही, नाहीतर तुम्हीही सतरंजी घेऊन निघाल. समुद्र छान होता. म्हणजे मोठा होता, निळा होता आणि मोबाईलवर दिसतो तसाच होता, फक्त त्याच्यापुढं फोटो काढणाऱ्या दुसऱ्या कुणाचा हात नव्हता. नवरा गाडीतून उतरून हिरवळ शोधत उजवीकडे गेला, मग डावीकडे गेला, मग एका शहाळेवाल्याला त्यानं उद्यान कुठंय म्हणून विचारलं. शहाळेवाल्यानं समुद्राकडे बोट दाखवलं. नवऱ्याला वाटलं, याला ऐकू कमी येतंय. त्यानं पुन्हा मोठ्यानं विचारलं. तो शब्द दुसऱ्यांदा एवढ्या मोठ्यानं आला की आप्पांनी मान वळवली, आणि तिकिटाच्या खिडकीवरची निळी पाटी त्यांना दिसली. त्यांनी चष्मा वर करून ती अक्षर न अक्षर वाचली. सागरी, राष्ट्रीय, उद्यान.

‘तुजा नवरा मला उद्यानात घिऊन आलाय,’ ते मला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ते शांतपणे बंधाऱ्याच्या कठड्यावर जाऊन बसले आणि समुद्राकडे पाठ करून रस्त्यावरच्या एसट्या बघायला लागले. मला इतकी लाज वाटली की मी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या सतरंजीची घडी उलगडायला मदत केली. वाळूवर ती अंथरली आणि वाऱ्यानं ती आमच्यासकट उचलायला घेतली. चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवून आम्ही मध्ये बसलो. दर्जेदार वेळ सुरू झाला.

आई बसली नाही. ती खिडकीपाशी उभी होती. होडीतून आत नेतात, पाण्याखालचं दाखवतात, त्याला तिकीट, असं तिनं कुणाचं तरी ऐकून घेतलं होतं. तिनं एकदा कठड्याकडे बघितलं. मग ती चालत आप्पांपर्यंत गेली. मला वाटलं, नेहमीसारखी त्यांच्याशेजारी बसणार आणि आम्ही भाकऱ्या खाऊन परतणार.

‘आवं, तुमी बसा,’ ती म्हणाली. ‘मी काढते तिकीट.’

तिनं पदराच्या गाठीतून पैसे काढले आणि स्वतःचं एक तिकीट काढलं. माझ्या आठवणीत आई आप्पांना मागं ठेवून कुठं गेली असेल तर ती बाळंतपणाला माहेरी. मी धावत जाऊन माझं आणि नवऱ्याचं काढलं. आम्ही होडीत बसलो, होडीवाल्यानं दोर सोडायला घेतला, तेव्हा आप्पा धोतर सावरत पाण्यातून येताना दिसले. त्यांच्या हातात तिकीट होतं. ते त्यांनी असं लांब धरलं होतं की जणू दुसऱ्या कुणाचं तरी आणून देतायत. नवऱ्यानं तोंड उघडलं होतं, मी त्याच्या पायावर पाय ठेवला.

होडीवाला बोलका होता. त्याला सगळीकडे डॉल्फिन दिसत होते, आम्ही वळून बघेपर्यंत ते बुडायचे. आप्पांनी त्याला मध्येच थांबवून विचारलं, ‘हितं कुनाचं गाव हुतं?’ त्याला प्रश्न कळेना. इथं पूर्वीपासून पाणीच, असं तो म्हणाला. गाव काठावर होतं ते अजून तिथंच आहे, फक्त पूर्वी जिथं जाळं टाकायचे तिथं आता टाकता येत नाही, जाळ्याऐवजी माणसं घेऊन येतो. म्हणजे तुम्हाला उठवलं न्हाई, आप्पांनी खात्री करून घेतली. नाही, तो म्हणाला. आप्पांनी मान हलवली. परक्या माणसाचं बरं चाललंय हे ऐकून जसं बरं वाटतं, तसं त्यांना वाटलं असावं.

मग होडी थांबली. तळाला काच बसवलेली एक लाकडी पेटी होडीवाल्यानं पाण्यावर टेकवली आणि एकेकाला आत डोकावायला सांगितलं. मोबाईलवरची जैवविविधता ती हीच. नवऱ्याला तिच्यात स्वतःच्या डोळ्याचं प्रतिबिंब दिसलं. मला पिवळे मासे आणि फुलकोबीसारखं काहीतरी दिसलं. आई मात्र वाकली ती उठेचना. गुडघे दुखत असतील म्हणून मी तिचा दंड धरला, तिनं हात झटकला.

‘आपल्या डोहाचा तळ आसाच दिसायचा,’ ती म्हणाली. ‘उंबराखालचा. सकाळचं ऊन आलं की.’

गाव उठल्यापासून आमच्या घरात कुणी ओढ्यातल्या त्या डोहाचं नाव काढलं नव्हतं. मी आप्पांकडे बघितलं. आता ते उसाकडे जाणार, आणि इथं तर ऊसही नाही, असं माझ्या मनात आलं. आप्पांनी पेटी आपल्याकडे ओढली, बराच वेळ आत बघितलं आणि तोंड वर केलं.

‘उनाचं ठीक हाय,’ ते म्हणाले. ‘पन डोहावर उंबर कुठं हुता? उंबर पल्याड हुता.’

‘अल्याड हुता.’

‘पल्याड. मी गुरं धुवायचो तितं.’

‘आन मी धुणं धुवायची ती काय उनात बसून?’

ओढ्याच्या ज्या अंगाला गाव ते अल्याड, आणि जंगलाकडचं ते पल्याड. एवढाच मुद्दा. पण त्यावर माझे आईवडील समुद्राच्या मधोमध, राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्ण तिकिटात, असे भांडले की होडीवाल्याचे डॉल्फिन यायचे थांबले. ती म्हणाली, पोरीला उंबराच्या फांदीला झोळी बांधून निजवायची, म्हणजे तुला, ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, आणि दगडावरून पल्याड झोळी घेऊन गेले असते का मी? ते म्हणाले, उंबरं पिकली की पल्याडनं वानरं यायची, अल्याड यायला ती काय गावातनं येणार? दोघांचंही पटण्यासारखं होतं. मी साक्षीदार होते, पण झोळीत झोपलेली होते. नवऱ्यानं सुचवलं की मामा, दोन्हीकडं एकेक उंबर असेल. दोघांनी एकदम त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो परत पेटीत डोकावला.

परतताना आईनं खण काढला. होडीवाल्यानं नम्रपणे सांगितलं, की इथं पाण्यात काही टाकायला बंदी आहे, नारळ नाही, फूल नाही, कापड तर नाहीच. बरोबरच होतं त्याचं. उद्या सगळ्यांनी समुद्राची ओटी भरायला घेतली तर मासे खण नेसून फिरतील. आईनं खण घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला. आप्पांनी ते बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. ही बाई देवीला म्हणून घेतलेलं समुद्राला द्यायला आली होती, आणि तेही परत घेऊन चालली होती.

भांडण मात्र चालूच राहिलं. खानावळीत माशाच्या ताटावर चाललं, आप्पा मासे खात नाहीत म्हणून नुसत्या सोलकढीवर चाललं. घाट चढताना चाललं. आप्पांनी ओढ्याचं वळण दाखवायला नवऱ्याचा खांदा वापरला, गिअर टाकायला त्याला हात मोकळा मिळेना. ओढ्याच्या मागून देवीची पायवाट आली, पायवाटेवरून कुणाचं खळं कुठं होतं ते आलं, खळ्यावरून कोणत्या म्हशीनं कुणाला मारलं होतं ते आलं. मी मागं आईजवळ बसून ऐकत होते आणि मला हे सगळं माहीत नव्हतं. इतकी वर्षं दोघांच्या पोटात एक अख्खं गाव होतं आणि आम्हाला त्यांनी त्यातली एक म्हैससुद्धा दाखवली नव्हती. मला भरून आलं. घाटाची गोळी घेतली नाही म्हणून असेल, असं मी नवऱ्याला सांगितलं.

पेठ नाक्यावर उतरताना आप्पा नवऱ्याच्या खिडकीशी गेले.

‘पाव्हणं,’ ते म्हणाले, ‘तुमास्नी उद्यानाचं लय कळतंय. चैत्रात आमचं बी तिकीट काढा. हिला दावतो उंबर कुठं हाय त्यो.’

नवऱ्याला यातलं काहीच कळलं नाही. सहल यशस्वी झाली, एवढंच कळलं. आठवडाभर त्यानं दुकानापुढं उभं राहून चपलेतली वाळू झटकली.

चैत्रात आम्ही गेलो. नाक्यावर आप्पा रांगेत उभे राहिले, तिकीट हातात आल्यावर त्यांनी ते वाचलं नाही, नुसतं टोपीत ठेवलं. गाडी जिथं थांबते तिथून आई माझ्या आणि काठीच्या आधारानं चालली. वाटेत दर वळणाला डॉक्टरच्या नावानं काहीतरी बोलत होती. गाव असं उरलेलं नाही. जोती दिसतात, त्यांच्यावर झाडं वाढलीयत. माझ्या वर्गात एक जांभूळ उभं होतं, पटावर नाव नसताना. आमच्या घराचं जोतं आप्पांना न शोधता मिळालं. भिंती नव्हत्या, कुठूनही आत जाता आलं असतं. ते वळसा घालून दाराच्या जागेला आले, तिथं त्यांनी चपला काढल्या, आणि जो उंबरा नव्हता तो ओलांडून आत गेले.

आईनं देवीला खण वाहिला. तिथं तिला कुणी अडवलं नाही. मग आम्ही ओढ्यावर गेलो. उंबर होता. मोठा झाला होता, खोडाला ढोली पडली होती, पण तोच होता आणि अल्याड होता. आई काही म्हणाली नाही. एखादी बाई किती मोठ्यानं काही न म्हणू शकते ते मी त्या दिवशी बघितलं. आप्पांनी उंबराभोवती एक फेरी मारली, वर बघितलं, खाली बघितलं, मग टोपी काढून फांदीला अडकवली, डोहात उतरून डोक्यावर पाणी घेतलं, आणि बाहेर येऊन निकाल दिला.

‘वढा सरकलाय,’ ते म्हणाले.

दिवस मावळायला आला, नाक्याकडून शिट्टी झाली, आणि आम्ही लगबगीनं निघालो. रात्री मी वसाहतीतच राहिले. सकाळी आप्पा उसाला पाणी पाजायला निघाले, दारात थांबले आणि हात डोक्याकडे गेला. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. टोपी कुठं हाय, तिनं न बघताच विचारलं.

‘उद्यानात गेली,’ आप्पा म्हणाले. इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून आलं, आणि मग ती खरंच तिथं उंबरावर आहे हे त्यांच्या ध्यानात आलं, कारण ते तसेच दारात उभे राहिले.

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

‘मग गावंल की,’ ती म्हणाली.